तलवार माशाचा गळ : नवख्याने साहित्य कसे निवडावे?

गळ, तंगूस, शिसे आणि दोरखंड यांचा व्यापार आमच्या कितीतरी बांधवांच्या घरी पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सुरमईला कोणत्या नंबरचा गळ लागतो हे मिरकरवाड्यातील वा साखरी नाट्यातील दुकानदाराला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. पण हौशी मच्छीमारीचा बाजार निराळा आहे. तेथे गिऱ्हाईक पोटासाठी मासा मारत नाही, छंदासाठी मारतो, आणि छंदापायी माणूस सढळ हाताने खर्च करतो. अशा गिऱ्हाइकाला चुकीचा माल बांधून देणे सोपे असते, कारण त्याला काही ठाऊक नसते. मात्र तो पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

या बाजारातील सर्वांत अवघड, महागडे आणि म्हणूनच सर्वांत जास्त पैसा वाया जाणारे प्रकरण म्हणजे तलवार मासा, इंग्रजीतला सोर्डफिश. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात त्याची हौशी शिकार फार जोरात आहे. केनियाच्या किनाऱ्यावर मालिंदी-वाटामू भागात रात्री तो गळाला लावतात. केप टाऊन आणि मोंबासा येथे आमचे कोकणी बांधव पिढ्यांपासून वसले आहेत, तेव्हा हा विषय आपल्यापासून अगदीच सातासमुद्रापलीकडचा आहे असे म्हणता येणार नाही. या हौसेत नव्याने उतरणाऱ्याने काय घ्यावे, काय टाळावे आणि विकणाऱ्याने त्याला कोणता सल्ला द्यावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. फ्लोरिडाची पद्धत सर्वांत जास्त तपासली गेलेली असल्यामुळे मुख्यतः तीच धरून चाललो आहोत.

मासा कोणता, हे आधी समजून घ्यावे

आपल्याकडे चपटी लांब वाकटी पाहून काही लोक तिलाच तलवार मासा म्हणतात. ती निराळी. पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला सेलफिश, तोही निराळा. खरा तलवार मासा जाड अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा असतो. त्याच्या वरच्या जबड्याचे लांब, चपटे, दोन्ही बाजूंनी धारदार असे पाते झालेले असते. पूर्ण वाढलेल्या माशाला खवले नसतात आणि दातही नसतात. गळाच्या काठीवर पकडलेला सर्वांत मोठा तलवार मासा १,१८२ पौंडांचा, म्हणजे ५३६ किलोंचा होता. १९५३ साली चिली देशातील इकीके येथे लुई मॅरन यांनी तो काढला आणि त्यांचा विक्रम अद्याप कायम आहे.

साहित्य निवडताना या माशाच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे तो दिवसा फार खोल राहतो आणि रात्री वर येतो. डोळे आणि मेंदू ऊबदार ठेवणारा खास अवयव त्याच्याजवळ असल्याने थंड, काळोख्या पाण्यातही त्याला चांगले दिसते. दुसरी, तो आमिष सरळ गिळत नाही. आधी पात्याने त्यावर वार करतो. तिसरी, त्याचे तोंड मऊ असते. जोराने ओढल्यास गळ मांस फाडून बाहेर येतो. खरेदीच्या यादीतील प्रत्येक वस्तूचे कारण या तीन गोष्टींत सापडते.

फ्लोरिडातच का?

याचे उत्तर समुद्राच्या तळात आहे. मायामीच्या किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पाणी दीड ते दोन हजार फूट खोल होते. सकाळी निघालेली होडी संध्याकाळी घरी येते. आपल्याकडे मुंबईसमोर उथळ पाण्याचा पट्टा दोनशे किलोमीटरहून अधिक पसरला आहे. तीनशे वाव पाणी गाठण्यासाठीच दिवस निघून जाईल. अरबी समुद्रात तलवार मासा नाही असे नव्हे. फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या लाँगलाईन नौकांना तो मिळत आला आहे. परंतु एका दिवसाच्या हौसेचा तो मासा आपल्याकडे नाही.

या शिकारीचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. काठी आणि रिळावर पहिला तलवार मासा १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ विल्यम बोशन यांनी काढला. वजन ३५५ पौंड. त्यांच्या रिळात आतल्या बाजूस घर्षणाचा ब्रेक होता. त्यापूर्वी रिळावर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून माशाला रोखावे लागे आणि बोटे सोलवटून निघत. हा ब्रेक आज प्रत्येक मोठ्या रिळात असतो. पुढे १९७० च्या दशकात मायामीच्या लोकांनी रात्री दिवे लावून तलवार मासा धरण्यास सुरुवात केली. दिवसा तळाशी जाऊन मासा काढण्याची रीत फ्लोरिडात रुजली ती २००३ च्या सुमारास. इस्लामोराडा गावचे रिचर्ड स्टॅन्झिक आणि विक गॅस्पेनी यांच्या प्रयोगांना तिचे श्रेय दिले जाते.

मधल्या काळात एक संकट येऊन गेले. लाँगलाईनच्या बेसुमार मासेमारीने उत्तर अटलांटिकमधील तलवार मासा घटला. १९९८ मध्ये अमेरिकेतील अनेक हॉटेलांनी तो पदार्थांच्या यादीतून काढला. २००१ मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर लाँगलाईनला बंदी झाली. मासा पुन्हा वाढला आणि २००९ मध्ये तो पूर्ववत झाल्याचे अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय मासेमारी मंडळाने मान्य केले. फ्लोरिडातील काठ्या-रिळांचा आजचा बाजार या बंदीवर उभा आहे. मासा राहिला तरच गळ विकले जातात, हे तेथील दुकानदारांना पाठ झाले आहे.

दिवस की रात्र, हे आधी ठरवा

नवखा दुकानात येतो आणि पहिला प्रश्न करतो, "रीळ कोणते देता?" दुकानदाराने उलट विचारावे, "रात्री जाणार की दिवसा?" या उत्तरावर निम्मे बिल अवलंबून आहे.

रात्री मासा वर येत असल्याने आमिष शंभर ते तीनशे फुटांवर सोडले तरी चालते. फुगा किंवा प्लास्टिकचा डबा बोया म्हणून बांधायचा, खाली थोडे शिसे, आमिषाजवळ एक उजेडाची कांडी, आणि होडी वाहत्या पाण्यावर सोडून द्यायची. पन्नास ते ऐंशी पौंडी साधा तंगूस पुरतो. दिवसा मात्र आमिष पंधराशे ते अठराशे फुटांवर, म्हणजे अडीचशे ते तीनशे वाव खाली, तळापासून थोडे वर ठेवावे लागते. त्यासाठी दोरी निराळी, वजन निराळे, दिवा निराळा आणि होडी चालवणारा तांडेलही मुरलेला हवा. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेकडे सतत वाहत असतो. होडी त्याच्या विरुद्ध हाकत एकाच जागी तोलून धरावी लागते.

दिवसा मासे मोठे मिळतात म्हणून सर्वांचा ओढा तिकडे असतो. तरी आमचे मत असे की नवख्याने पहिला हंगाम रात्रीच काढावा. खर्च कमी, साहित्य साधे आणि मासा जवळ. हात बसल्यावर दिवसाचे साहित्य घ्यावे. उलट क्रमाने गेलेले बरेच लोक वर्षभरात सगळा माल निम्म्या किमतीला विकायला काढतात.

रीळ : येथे काटकसर नको

सर्वांत जास्त पैसा रिळात जातो आणि जावाही. तलवार माशासाठी पन्नास रुंद ते ऐंशी नंबरचे, तरफेच्या ब्रेकचे, दोन गतींचे रीळ घ्यावे. पेन आणि शिमानो ही दोन नावे या बाजारात जुनी आहेत. पेन ही कंपनी १९३२ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. तिची सोनेरी रंगाची रिळे कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे आलेली आहेत.

दोन गती कशासाठी? दिवसाच्या शिकारीत दोरी अठराशे फूट खाली असते. हँडलच्या एका फेऱ्याला तीन फूट दोरी आली असे धरले तरी नुसते आमिष तपासायला वर काढायचे म्हणजे सहाशे फेरे झाले. त्यासाठी जलद गती. मासा लागल्यावर वजन उचलायचे असते, तेथे जलद गती कामाची नाही. तेथे हळू गती लागते.

विजेवर चालणारी रिळेही आहेत. दिवसाच्या शिकारीत ती सर्रास वापरतात. त्यांची किंमत अनेक हजार डॉलरपर्यंत जाते आणि विजेच्या रिळावर काढलेला मासा विक्रमासाठी धरला जात नाही. वयस्क किंवा पाठीचे दुखणे असलेल्या गिऱ्हाइकाने ते अवश्य घ्यावे. धडधाकट नवख्याला पहिल्याच दिवशी ते बांधून देणे हा आमच्या मते व्यापार नव्हे.

ब्रेकबाबत एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. ब्रेक किती घट्ट आहे हे हाताच्या अंदाजाने ठरवू नये. स्प्रिंगचा काटा दोरीला लावून ओढावे आणि आकडा वाचावा. ऐंशी पौंडी दोरी आहे म्हणून पंचवीस-तीस पौंडांवर ब्रेक लावणारे पुष्कळ असतात. तोंड मऊ असलेल्या या माशाला तेवढा ताण सोसत नाही. बारा ते अठरा पौंडांच्या दरम्यान राहावे. शिवाय पुष्कळ दोरी बाहेर गेली की रिळावरील गुंडाळीचा व्यास लहान होतो आणि ब्रेक तोच असूनही दोरीवरील ताण वाढतो. भरलेल्या रिळाचा व्यास पाच इंच असेल आणि तो अडीच इंचावर आला, तर ताण दुप्पट होतो. बारा पौंडांवर लावलेला ब्रेक नकळत चोवीसवर गेलेला असतो. मासा लांब पळाला की तरफ थोडी मागे घ्यावी ती याच कारणासाठी.

दोरी आणि काठी

रात्रीसाठी तंगूस, दिवसासाठी विणलेली बारीक दोरी, असा सरळ हिशेब आहे. विणलेली दोरी म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिमजबूत धाग्यांची वेणी. ती पासष्ट ते ऐंशी पौंडी घ्यावी. तिचे दोन गुण आहेत. एक, तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या मानाने तिची जाडी निम्मीच असते. अठराशे फूट दोरीवर प्रवाहाचा रेटा बसतो आणि तो जाडीच्या प्रमाणात असतो. जाड तंगूस टाकला तर दोरीला मोठा पोट पडतो आणि आमिष तळापाशी राहतच नाही. दुसरा गुण म्हणजे ती ताणत नाही. तंगूस रबरासारखा ताणतो. अर्ध्या किलोमीटरवर माशाने आमिषाला केलेला वार त्या ताणातच विरून जातो आणि काठीचे टोक हलतसुद्धा नाही.

खोली अठराशे फूट असली तरी दोरी तिरकी जाते, शिवाय मासा पळतो. म्हणून रिळावर निदान तीन हजार फूट दोरी हवी. गाठ मारून जोडलेले तुकडे नकोत, दोरी सलग असावी. प्रत्येक शंभर फुटांवर रंग बदलणारी दोरी मिळते. ती थोडी महाग पडली तरी नवख्याने तीच घ्यावी. आमिष किती खोल गेले ते रंग मोजून कळते.

काठीवर फार खर्च करू नये. साडेपाच ते साडेसहा फूट लांबीची, ऐंशी पौंडी वर्गाची, टोकाला जरा नरम आणि खाली भक्कम काठी पुरते. टोक नरम का, तर दिवसा माशाचा स्पर्श म्हणजे टोकाचे एक-दोन हलके हेलकावे, एवढेच. कडक टोकाच्या काठीवर ते दिसत नाहीत. खालचा दांडा वाकडा असलेली काठी होडीच्या खोबणीत ठेवून रीळ फिरवता येते. अठराशे फूट ओढायचे असल्याने ही सोय लागतेच. काठीवरील चाके नीट पाहावीत. चाक आणि त्याची चौकट यांत फट असेल तर बारीक विणलेली दोरी तेथे अडकते आणि कापली जाते.

लीडर, स्लीव्ह, गळ : कारागिराचे काम

दुकानात ग्राहक रिळाभोवती घुटमळतो, पण मासा सुटतो तो बहुधा शेवटच्या दहा फुटांत. म्हणून या भागाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. ज्याच्या हाताला शिवणकाम, चामड्याचे काम किंवा तारकाम ठाऊक आहे, त्याला ही विद्या एका दिवसात येईल.

मुख्य दोरीच्या टोकाला सुमारे दीडशे फूट जाड तंगूस जोडतात. दोनशे ते तीनशे पौंडी. तो रिळावर गुंडाळला जाईल अशा बेताने जोडलेला असतो. माशाचे पाते धारदार असते, अंग आणि शेपूट दोरीला घासते, त्यापासून हा जाड तंगूस वाचवतो. त्याच्या पुढे भक्कम फिरकी, तिच्यापुढे पाच-दहा फुटांचा शेवटचा तुकडा आणि त्याला गळ.

तीनशे पौंडी तंगुसाला गाठ नीट बसत नाही, म्हणून धातूची दुहेरी नळी, स्लीव्ह, चेपून फास करतात. नळी तंगुसाच्या जाडीला नेमकी बसणारी असावी. सैल नळी सरकते आणि तंग नळीत तंगूस सोलला जातो. चेपताना दोन्ही टोके थोडी मोकळी सोडावीत. टोकापर्यंत चेपले तर नळीची कडच तंगुसाला कापते. तंगुसाचे टोक आगीने किंचित वितळवून गोळी करावी म्हणजे ते निसटत नाही. चेपण्याचा पकड त्या नळीसाठीच बनवलेला हवा. साध्या पकडीने चेपलेली नळी दिसायला ठीक दिसते, पण भरवसा नाही. प्रत्येक फास खिळ्याला अडकवून पूर्ण जोराने ओढून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

गळ दहा ते बारा शून्य नंबरचा, जाड तारेचा, धार लावलेला. नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचे गळ आपल्या किनाऱ्यावरही ओळखीचे आहेत. रात्रीच्या शिकारीत बरेच लोक गोल गळ वापरतात. तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि लहान मासा सोडून द्यायचा झाल्यास त्याला इजा कमी होते. दिवसाच्या शिकारीत सरळ दांड्याचा गळ जास्त चालतो. गळाचे टोक नखावर टेकवून पाहावे. घसरले तर कानस लागली पाहिजे.

आमिष म्हणजे म्हाकूल, किंवा कुप्याच्या जातीच्या माशाच्या पोटाची लांब पट्टी. मासा आधी पात्याने वार करतो हे वर सांगितले. नुसते टोचलेले आमिष त्या वाराने उडून जाते आणि तुम्ही दोन तास रिकामा गळ पाण्यात धरून बसता. म्हणून आमिष मेणाच्या दोऱ्याने गळाभोवती शिवतात. म्हाकुलाचे डोके आणि अंग वेगळे होऊ नये म्हणून तेही शिवून एक करतात. पोटाची पट्टी दुमडून, कडेने बारीक टाके घालून, पुढे निमुळती करतात म्हणजे पाण्यात ती गरगर फिरत नाही. गरगर फिरणारे आमिष दोरीला पीळ घालते. मोची जोडा शिवतो तसलेच हे काम आहे. टाका सरळ, ताण सारखा. फ्लोरिडात शिवलेली तयार आमिषे बर्फात घालून विकली जातात आणि त्यांना चांगला भाव येतो. हे आमच्या कारागीर वाचकांनी लक्षात घ्यावे.

वजन आणि दिवा

दिवसाच्या शिकारीत आठ ते बारा पौंडांचे वजन लागते. ते जाड तंगुसाच्या वरच्या टोकापाशी आकड्याने अडकवतात आणि होडीजवळ येताच काढून घेतात. शिशाचे वजन महाग, आणि ते तळाला अडकून गेले तर पैसे बुडालेच. म्हणून बरेच जण सिमेंटची वजने ओततात. प्लास्टिकच्या नळाचा तुकडा, त्यात सिमेंट, वर तारेची कडी. घरी सहज होणारे काम आहे. मात्र त्यात एक हिशेब विसरला जातो. पाण्यात प्रत्येक वस्तूचे वजन घटते आणि हलकी वस्तू जास्त घटते. दहा पौंड शिसे समुद्राच्या पाण्यात नऊ पौंडांवर भरते. दहा पौंड लोखंड पावणेनऊच्या आसपास. दहा पौंड सिमेंट मात्र पावणेसहाच भरते. शिशाच्या जागी सिमेंट वापरायचे तर वजन दीडपटीहून थोडे जास्त ओतावे लागेल. नाहीतर आमिष खाली जातच नाही आणि दोष माशाला दिला जातो.

दिव्याचेही असेच. रात्री शंभर-दोनशे फुटांवर रसायनाची उजेडी कांडी पुरते. मोडून हलवली की काही तास चमकते. दिवसाच्या खोलीत मात्र बॅटरीचा छोटा लुकलुकता दिवा लागतो, कारण अठराशे फुटांवर दिवसाही काळोख असतो आणि त्या काळोखात चमकणाऱ्या जीवांवरच हा मासा जगतो. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाने वाढतो. साडेपाचशे मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे छप्पन्न किलोंचा दाब असतो. स्वस्त दिवा पहिल्याच फेरीत पाणी पितो. दिवा घेताना किती खोलीपर्यंतची हमी आहे ते वेष्टणावर वाचावे आणि त्याची रबरी कडी दर वेळी पुसून, किंचित ग्रीस लावून बसवावी.

मासा होडीपाशी आल्यावर

हा भाग लोक यादीत शेवटी लिहितात आणि पैसे संपले म्हणून वगळतात. तसे करू नये. दमलेला दिसणारा तलवार मासा होडीपाशी येऊन पुन्हा उसळतो. १९६७ साली अमेरिकेच्या आल्विन या संशोधक पाणबुडीवर सुमारे दोन हजार फूट खोलीत एका तलवार माशाने हल्ला केला आणि त्याचे पाते पाणबुडीच्या सांध्यात घट्ट रुतून बसले. २०१५ मध्ये हवाई बेटांत बंदरात शिरलेल्या तलवार माशाला भाला मारणाऱ्या एका तांडेलाचा त्याच माशाचे पाते छातीत घुसून मृत्यू झाला.

यास्तव टोक सुटे होणारा भाला, त्याला दोरी आणि दोरीला मोठा बोया, लांब दांड्याचे दोन भक्कम आकडे, जाड हातमोजे, आणि हाताशी दोरी कापायची सुरी, हे सर्व पहिल्याच दिवशी हवे. नवख्याने तंगूस मनगटाला किंवा हाताला कधीही गुंडाळू नये. मासा बुडी मारील तेव्हा माणूसही जाईल. बर्फ भरपूर घ्यावा आणि मासा मिळताच आतडी काढून थंड करावा, कारण एवढे मोठे धूड आतून लवकर गार होत नाही.

कायदा आणि बाजार

फ्लोरिडात होडीसाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत ४७ इंचांहून लहान मासा ठेवता येत नाही. मोजपट्टी होडीत ठेवावीच. हौशी परवान्यावर पकडलेला मासा विकणे गुन्हा आहे. "मासा विकून रिळाचे पैसे वसूल होतील" असे सांगणाऱ्या दुकानदारापासून दूर राहावे. ज्यांना हा मासा खरेदी-विक्रीचा माल म्हणून हाताळायचा आहे त्यांनी पाऱ्याचे प्रमाण विसरू नये. मोठ्या तलवार माशाच्या मांसात पारा साठतो. १९७१ मध्ये अमेरिकन सरकारने तो न खाण्याचा इशारा दिला तेव्हा त्याचा बाजार बसला होता, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी तो टाळावा असा सल्ला तेथे आजही दिला जातो.

रुपयाचे सोळा आणे

किंमती देशागणिक बदलतात, म्हणून आम्ही रुपयाचे जुने सोळा आणे धरून वाटणी सांगतो. रीळ सहा आणे. दोरी तीन आणे. काठी दोन आणे. जाड तंगूस, स्लीव्ह, फिरक्या, गळ आणि चेपणीचा पकड मिळून दोन आणे. दिवे एक आणा. भाला, आकडे, बोया, हातमोजे एक आणा. उरलेला एक आणा रोख हातात, कारण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीतरी तुटणार, अडकणार, बुडणार हे ठरलेले आहे. रात्रीच्या शिकारीला दोरीचे तीन आणे लागत नाहीत, दीड पुरे. वाचलेला दीड आणा रिळात घालावा.

पैसा कमी असल्यास नवे हलके रीळ घेण्यापेक्षा जुने चांगले रीळ घ्यावे. जुन्या रिळाचा बाजार मोठा आहे आणि त्यात फसवणूकही आहे. रीळ हातात घेताच पाया उलटा करून पाहावा. स्क्रूच्या खाचेत हिरवट-पांढरे मीठ धरले असेल तर आतही तेच आहे. ब्रेक पूर्ण सैल करून गुंडाळी हाताने फिरवावी. ती निमूट फिरत राहिली पाहिजे, खरखर आल्यास बेअरिंग गेले. मग ब्रेक लावून दोरीला काटा अडकवावा आणि एकाने रीळ धरून दुसऱ्याने सावकाश ओढत जावे. काट्याची सुई एका आकड्यावर स्थिर राहिली तर रीळ घेण्याजोगे आहे. सुई दहावरून अठरावर आणि पुन्हा दहावर अशी उड्या मारू लागली, तर ब्रेकच्या चकत्या झिजल्या किंवा तेलकटल्या आहेत. अशा वेळी नव्या चकत्यांची किंमत विचारून ती भावातून वजा करावी. विकणारा त्याला तयार नसेल तर रीळ तेथेच ठेवून यावे.